न भरणारी टांकी

खेडेगांवांत नव्या घराची वास्तुशांत झाली आणि पाहुण्यांस घर दाखविण्याचा प्रसंग आला, म्हणजे देवघर, माजघर, धान्याची खोली असें सर्व दाखवून झाल्यावर घरधनी अखेरीस परसांत नेतात आणि जमिनीबरोबर बसविलेल्या फरशीकडे बोट करून मोठ्या समाधानानें सांगतात, "ही संडासाची टांकी. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट खोल. जन्मांत भरायची नाहीं." जुन्या घरीं हेंच वाक्य निराळ्या काळांत ऐकूं येतें : "वीस वर्षें झालीं, अजून एकदांहि उपसावी लागली नाहीं." ऐकणारा मान डोलावतो, गवंड्याचें नांव विचारून घेतो आणि आपल्या घरीं तशीच टांकी घालतो. सोळा वर्षांपूर्वीं आम्हीहि तशीच मान डोलावली असती. आज आमच्या शेतकरी बंधूंपुढें मांडावयाचें तें इतकेंच कीं, न भरणारी टांकी हें उत्तम बांधकामाचें लक्षण नसून बिघाडाचें लक्षण आहे.

ही गोष्ट कोणाच्या शब्दावर मानावयास नको. हिशेब करून पाहावा. दहा माणसांचें खटलें धरा. माणशीं दिवसास चाळीस लिटर पाणी संडासांत पडतें असें धरलें, तर रोजचें ४०० लिटर, वर्षाचें १,४६,००० लिटर आणि वीस वर्षांचें २९,२०,००० लिटर होतें. वर सांगितलेल्या दहा फुटी खड्ड्यांत सुमारें २८,००० लिटर पाणी मावतें. म्हणजे तो खड्डा खरोखर टांकी असता, तर सत्तर दिवसांत कांठोकांठ भरावयास पाहिजे होता. फरशीखालीं ऊन पोचत नाहीं, वारा पोचत नाहीं. तेव्हां तें पाणी वाफ होऊन उडून गेलें असें म्हणतां येत नाहीं. मग एकोणतीस लाख लिटर मैलापाणी गेलें कोठें? तें जमिनींत गेलें. आणि त्याच जमिनींतून आपल्या विहिरीस झरे येतात.

आमच्या वस्तीवरचा अनुभव सांगतों. सन २००४ मध्यें आम्हीं गांवांतील वाडा भावांकडे ठेवून शेतांत घर बांधलें. गवंडी चांगला नांवाजलेला होता. त्यानें विहिरीपासून चाळीस फुटांवर मुरमांत खोल खड्डा घेतला, भोंवतीं दगडांचें कोरडें बांधकाम केलें, तळ मोकळा ठेवला आणि वर फरशी टाकली. खर्च बेताचा आला, काम आठ दिवसांत उरकलें, आणि सात वर्षें त्या फरशीकडे कोणी फिरकलेंहि नाहीं. आमच्या मातोश्री मात्र दर पावसाळ्यांत म्हणत कीं, विहिरीच्या पाण्यास वास येतो. आम्हीं तें वयाचें खूळ समजून सोडून दिलें. सन २०११ च्या श्रावणांत घरांतील दोन मुलें पोटाच्या विकारानें लागोपाठ अंथरुणास खिळलीं, तेव्हां पाण्याचा नमुना तपासणीस धाडला. त्यांत माणसाच्या आंतड्यांत राहणारे जंतु निघाले आणि तें पाणी पिण्यास अयोग्य असल्याचा लेखी शेरा आला. कालव्याखालच्या आमच्या भागांत पावसाळ्यांत जमिनीखालील पाणी किती वर चढतें हें आम्हांस ठाऊक होतें. उसाच्या फडांत आम्ही त्याच्याशीं रोज झगडत होतों. परंतु तेंच पाणी खड्ड्याच्या तळास टेकत असेल व मैला धुऊन विहिरीकडे नेत असेल, हा विचार आमच्या मनास कधीं शिवला नाहीं. वयाचें खूळ म्हणून ज्याची आम्हीं संभावना केली, तें त्या घरांतलें सर्वांत शहाणपणाचें बोलणें होतें.

आतां खरी सेप्टिक टांकी म्हणजे काय तें पाहूं. फ्रान्समध्यें मूरास नांवाच्या गृहस्थानें अशा प्रकारच्या बंद टांकीचें पेटंट १८८१ सालीं घेतलें, आणि इंग्लंडांतील एक्झेटर शहरीं डोनाल्ड कॅमेरॉन यानें १८९५ च्या सुमारास ती सुधारून तिला आजचें नांव दिलें. तत्त्व फार साधें आहे. मैलापाणी टांकींत येऊन एक-दोन दिवस संथ राहतें. जड भाग तळाशीं बसून त्याचा गाळ होतो. तेलकट व हलका भाग वर तरंगून त्याची साय धरते. मध्यें राहतें तें गढूळ पाणी. तळच्या गाळांत हवेवांचून जगणारे सूक्ष्मजंतु असतात, ते मैला कुजवून त्याचा वायु करतात आणि गाळाचें आकारमान कमी करतात. ज्यांनीं गोबर गॅसचें यंत्र बसविलें आहे त्यांस ही क्रिया समजावून सांगावयास नको. टांकींत जितकें पाणी वरून येतें तितकेंच मधल्या थरांतून बाहेर पडतें. म्हणजे खरी टांकी पहिल्या आठवड्यांतच भरते आणि पुढें सदैव भरलेलीच असते. आपण जिला भरणें म्हणतों, तें वस्तुतः गाळानें भरणें होय.

पण हें बाहेर पडणारें पाणी शुद्ध नसतें, आणि येथेंच बहुतेकांची फसगत होते. टांकी अर्धेंच काम करते. रोगजंतु, जंतांचीं अंडीं आणि नत्राचीं द्रव्यें त्या पाण्यांत राहतात. उरलेलें काम मातीचें आहे. मातीच्या वरच्या थरांत हवा खेळती असते. तेथें तें पाणी हळूहळू झिरपलें, तर मातींतील जीव त्याचा समाचार घेतात. म्हणून टांकी कोठून आणावी व किती मोठी घ्यावी, हा प्रश्न मागाहूनचा. आपली जमीन किती पाणी पिते आणि कसें पिते, हा पहिला प्रश्न आहे. आणि तो गवंड्यापेक्षां शेतकऱ्यास अधिक चांगला सोडवितां येतो.

त्याची परीक्षा अशी. जेथें पाणी जिरवावयाचें तेथें, जितक्या खोलीवर जिरवावयाचें तितका, दहा-बारा इंच चौरस खड्डा घ्यावा. पहारीनें गुळगुळीत झालेल्या बाजू खुरप्यानें खरवडून काढाव्या आणि तळाशीं दोन इंच जाड वाळू पसरावी. खड्डा पाण्यानें भरून रात्रभर तसाच भिजूं द्यावा. दुसऱ्या दिवशीं वाळूवर सहा इंच पाणी घालून तें एक इंच उतरण्यास किती मिनिटें लागतात तें घड्याळ लावून पाहावें. तीस मिनिटांच्या आंत उतरलें तर साधा शोषखड्डा चालेल. तीस ते साठ मिनिटें लागलीं तर शोषखड्डा न घेतां उथळ चर घ्यावे. साठांहून अधिक लागल्यास त्या जागीं पाणी जिरविण्याचा नाद सोडावा. हे आंकडे आमचे नव्हेत. सेप्टिक टांकीसंबंधीं जें भारतीय मानक आहे, त्यांतले आहेत.

काळ्या जमिनीच्या बाबतींत आणखी एक सावधगिरी हवी. ही परीक्षा चैत्र-वैशाखांत केली तर भेगांतून पाणी घळघळ निघून जातें आणि जमीन उत्तम निचऱ्याची वाटते. तीच जमीन आषाढांत फुगून अशी घट्ट मिटते कीं वरचें पाणी वरच उभें राहतें. उन्हाळ्यांत घातलेले किती शोषखड्डे पहिल्याच पावसांत उलटे वाहिले, हें आमच्या तालुक्यांत कोणासहि विचारावें. तेव्हां काळीची परीक्षा पावसाळा संपतां संपतां, जमीन ओली असतांनाच घ्यावी. कोंकणांत अडचण बरोबर उलटी आहे. जांभ्यांतून पाणी इतकें झरझर जातें कीं माती त्याचें शोधन करूं शकत नाहीं, आणि उतारावर खालच्या अंगास शेजाऱ्याची विहीर असते. तेथें 'खड्डा छान पितो' ही स्तुति नसून धोक्याची सूचना समजावी.

शोषखड्डा किंवा चर पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान साठ फूट आणि राहत्या घरापासून वीस फूट दूर असावा असा दंडक आहे. हें अंतर साध्या मातीपुरतें. देशावर थोड्या मातीखालीं मुरूम आणि त्याखालीं काळा फत्तर लागतो. त्या फत्तरास चिरा असल्या तर पाणी चिरेंतून गाळण न होतां लांबवर जातें. अशा ठिकाणीं साठ फुटांचा भरंवसा धरूं नये. जागा आहे तर शंभर-दीडशें फूट घ्यावे आणि विहिरीच्या उताराच्या अंगासच घ्यावे, चढाच्या अंगास केव्हांहि नव्हे. शहरांतील माणसास एवढी जागा मिळत नाहीं, आपणांस मिळते. विंधनविहिरीचें पाणी खोलचें म्हणून सुरक्षित, हीहि समजूत भोळी आहे. वरचा नळ नीट बसविला नसल्यास वरचें घाण पाणी नळाच्या कडेनें सरळ खालीं उतरतें. शिवाय मैल्यांतील नत्रापासून झालेलें नायट्रेट पाणी उकळून जात नाहीं. पिण्याच्या पाण्यांत तें लिटरमागें ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावें अशी आपल्याकडील मर्यादा आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा धोका वरच्या दुधावरील तान्ह्या मुलास असतो.

टांकीचें माप मोठेपणासाठीं वाढवूं नये. पांच माणसांस आंतून पांच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि पाण्याची खोली साडेतीन फूट. दहा माणसांस साडेसहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि पाण्याची खोली साडेचार फूट. इतकी टांकी दोन ते तीन वर्षांनीं गाळ काढण्याच्या हिशेबानें पुरते. पाण्यावर एक फूट मोकळी जागा ठेवावी. टांकी चौरस किंवा गोल न करतां लांबट करावी, म्हणजे आलेलें पाणी तडक बाहेर न पडतां आंत रेंगाळतें. मध्यें भिंत घालून दोन कप्पे केले तर पहिला दोनतृतीयांश ठेवावा. येणारा व जाणारा हे दोन्ही नळ इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे असून त्यांचें खालचें तोंड पाण्यांत फूटभर बुडालेलें असावें. नाहींतर येणारा लोंढा साय ढवळतो आणि जाणारें पाणी सायीसकट निघतें. जाणारा नळ येणाऱ्यापेक्षां दोन इंच खालीं ठेवावा. वायु जाण्यास उभा नळ घराच्या छपराहून उंच न्यावा आणि त्याच्या तोंडाशीं बारीक जाळी बांधावी. ही आठ आण्यांची जाळी नसली तर टांकी डासांचा कारखाना होते, आणि तिचें वंगण आपल्याच रक्तानें चालतें.

सर्वांत महत्त्वाचें तें तळाचें कॉन्क्रीट आणि आंतला गिलावा. तळ मोकळा सोडून "थोडें जमिनींत जिरूं दे, लवकर भरणार नाहीं" असें गवंडी प्रेमानें सुचवितो. त्याच्या लेखीं तो तुमचाच फायदा असतो. त्याचें ऐकूं नये. काम पुरें झालें म्हणजे टांकी बाहेर जाणाऱ्या नळापर्यंत साध्या पाण्यानें भरावी, भिंतीवर खूण करावी आणि एक दिवस व एक रात्र जाऊं द्यावी. भिंती पाणी पितात म्हणून पहिल्या दिवशीं थोडें उतरेल. पुन्हां खुणेपर्यंत भरून पाहावें. दुसऱ्या दिवशींहि उतरलें तर टांकी गळते. गवंड्याचा शेवटचा हप्ता ह्या परीक्षेनंतर द्यावा असें आम्ही मुद्दाम सुचवितों, कारण हप्ता दिल्यानंतर गिलावा पुन्हां करून देणारा गवंडी आम्हांस अद्याप भेटलेला नाहीं. परीक्षेचें पाणी तसेंच ठेवून त्यांत बादलीभर जुनें कुजलेलें शेण कालवून ओतावें. विरजण लावल्यासारखें होतें. बाजारांत टांकीसाठीं म्हणून ज्या पुड्या मिळतात त्यांची कांहीं गरज नसते. तयार प्लॅस्टिकच्या टांक्या गळत नाहींत हें खरें, परंतु पाणथळ जागीं त्या रिकाम्या केल्या तर खालच्या पाण्याच्या रेट्यानें वर उचलल्या जातात. त्यांस तळाशीं नीट जखडावें लागतें.

जेथें जमीन पाणी पीत नाहीं तेथें काय करावें, हा आमच्याकडे वारंवार येणारा प्रश्न आहे. उथळ चर म्हणजे दीड फूट रुंद, दोन-अडीच फूट खोल चारी. तींत खडी, खडींत भोंकें पाडलेला नळ, वर पुन्हां खडी, तिच्यावर गोणपाट आणि माती. दोन चरांत सहा फूट अंतर सोडावें. पाणी उथळ राहिल्यानें हवा मिळते आणि कर्दळ, केळ यांचीं मुळें तें ओढून घेतात. भारी काळींत तेवढ्यानेंहि भागत नाहीं. तेथें टांकीपुढें खडीनें भरलेला दुसरा हौद घालून पाणी खालून वर चढवीत न्यावें, म्हणजे त्यांतील बराचसा मळ खडीवर धरतो. आणि मग जमिनीवर वाळू-मुरमाचा भराव करून, त्यांत चर घेऊन, त्यावर कर्दळ लावावी. खर्च वाढतो हें आम्ही कबूल करतों. परंतु नळ पाटांत सोडून तेंच पाणी मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यास देणें, किंवा रात्रीच्या वेळीं ओढ्यांत काढून देणें, ही काटकसर नव्हे.

पाण्याचा भार मुळांतच कमी करावा. न्हाणीचें, मोरीचें व धुण्याचें पाणी टांकींत सोडूं नये. तें पाणी जातें जोरानें आणि पुष्कळ. टांकींत गाळ बसण्यास जी शांतता लागते ती मोडते, आणि गाळ चरांत जाऊन चर कायमचे बुजतात. न्हाणीच्या पाण्यावर अळू, केळी, नारळ पूर्वीपासून वाढत आले आहेत. तें तसेंच चालूं द्यावें. स्वयंपाकघराच्या पाण्यास आधीं लहान कुंडी ठेवून तेल व खरकटें अडवावें. छपराच्या पागोळ्या टांकीवरून वाहूं नयेत. फडकीं, केंस, प्लॅस्टिक, राख आंत टाकूं नये. संडास धुण्याचें आम्ल बाटल्याच्या बाटल्या ओतल्यास आंतले जंतु मरतात; कधींमधीं थोडें पडलें तर त्यानें बिघडत नाहीं. वड, पिंपळ व उंबर हीं झाडें टांकीपासून जितकीं लांब तितकीं बरीं. टांकीवरून ट्रॅक्टर नेऊं नये, हें खरें म्हणजे सांगावयास नको. तरीहि फुटलेल्या फरश्या आम्हीं पाहिल्या आहेत म्हणून सांगतों.

गाळ किती चढला हें वर्षांतून एकदां मोजावें. लांब काठीच्या खालच्या टोंकास तीन फूट पांढरें फडकें गुंडाळून ती झांकणांतून सावकाश तळापर्यंत उतरवावी, क्षणभर धरून वर काढावी. जेथपर्यंत काळा चिखल लागलेला असेल तेथपर्यंत गाळ. वरच्या सायीची जाडी निराळी पाहावी. दोन्ही मिळून पाण्याच्या खोलीच्या निम्म्यावर आलीं कीं गाळ काढण्याची वेळ झाली. माणशीं वर्षास सुमारें ४० लिटर गाळ धरण्याची रीत आहे. त्यावरून आपल्या घरचा अंदाज बांधतां येतो. मोजतांना झांकणावर ओणवें होऊन तोंड आंत घालूं नये आणि विडी-काडी जवळपास पेटवूं नये.

या ठिकाणीं थोडें थांबून सांगणें भाग आहे, कारण पुढील गोष्ट माणसाच्या जिवाची आहे. सांगलीजवळ हरिपुरास हळदीचीं पेवें असत, त्यांत उतरण्यापूर्वीं दिवा खालीं सोडून पाहण्याचा परिपाठ होता. दिवा विझला तर माणूस उतरत नसे. पेवांत प्राणवायूची उणीव असते, म्हणून ती परीक्षा तेथें उपयोगीं पडे. संडासाच्या टांकींत तीच परीक्षा घातक आहे. तेथील मिथेन वायु दिव्यानें पेट घेतो. दुसरा वायु हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास थोड्या प्रमाणांत लगेच येतो, परंतु प्रमाण वाढलें कीं नाकाची शक्तीच मारली जाते व वास येईनासा होतो. "आतां वास गेला, उतरायला हरकत नाहीं" असें म्हणून माणूस उतरतो तो त्याच क्षणीं. कांहीं श्वासांतच तो कोसळतो. त्यास काढावयास दुसरा उतरतो, दुसऱ्यास काढावयास तिसरा. एकाच टांकींतून बाप आणि मुलगा, भाऊ आणि भाऊ काढल्याच्या बातम्या आपण दर वर्षीं वाचतों.

सन २०१३ च्या कायद्यानें संरक्षक साधनांवांचून कोणासहि टांकींत उतरविण्यास बंदी केली आहे. पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ मध्यें अशा मृत्यूस दहा लाख रुपये भरपाई ठरविली होती. २०२३ च्या ऑक्टोबरांत ती तीस लाख केली. पण कायद्याचें भय बाजूस ठेवूं. हें काम करावयास येणारा माणूस बहुधा कोणत्या वस्तींतून येतो, आणि दुसरें काम न मिळाल्यानें येतो, हें आपणां सर्वांस माहीत आहे. बैलाच्या नाकांत वेसण घालतांना जो दहा वेळां विचार करतो, त्यानें पांचशें रुपये व एक बाटली देऊन माणसाचा मुलगा त्या खड्ड्यांत सोडावा, हें आम्हांस पाहवत नाहीं. शोषक पंपाची गाडी बोलवावी. त्यासाठीं टांकीची जागा ठरवितांनाच गाडीची नळी पोचेल असा रस्ता ठेवावा. अवाढव्य, न भरणाऱ्या खड्ड्यांचें आणखी एक पाप असें कीं, ते कधींतरी बुजतातच. आणि मग वीस वर्षांचा दगडासारखा झालेला गाळ नळीनें निघत नाहीं, माणूसच मागतो. नियमानें उपसलेल्या लहान टांकींत कोणास उतरावें लागत नाहीं. गाळ काढतांना तळाशीं इंचभर ठेवावा, पुढचें विरजण तेंच. पावसाळ्यांत टांकी रिकामी करूं नये.

निघालेला गाळ कोठें गेला तें गाडीवाल्यास विचारावें. शेजाऱ्याच्या नाल्यांत गेला असेल तर आपण कांहींच साधलें नाहीं. ताजा गाळ शेतांत पसरूं नये. त्याचा काळा रंग पाहून शेतकऱ्याच्या तोंडास पाणी सुटतें हें आम्ही जाणतों. आमच्याहि सुटलें होतें. परंतु जंतांचीं अंडीं मातींत महिनेच्या महिने, क्वचित् वर्षाहूनहि अधिक, जिवंत राहतात, आणि भाजीच्या पानांवरून तीं पुन्हां आपल्याच पोटांत येतात.

सोनखताची ज्यांस हौस आहे त्यांस आम्ही दोन खड्ड्यांचा संडास सुचवूं. विहीर दूर आहे, भूजल खोल आहे, जमीन मध्यम निचऱ्याची आहे आणि पाण्याचा वापर बेताचा आहे, अशा वस्तीस तो सेप्टिक टांकीहून स्वस्त आणि शेतकऱ्यास अधिक सोयीचा. सुमारें सव्वातीन फूट व्यासाचे, चार फूट खोल असे दोन खड्डे, जाळीदार विटांचे, एकमेकांपासून तीन-चार फुटांवर; मैला एका वेळीं एकाच खड्ड्यांत जातो. पहिला भरला कीं नळाचें तोंड दुसऱ्याकडे वळवावें आणि पहिला निदान दीड-दोन वर्षें झांकून ठेवावा. उघडाल तेव्हां आंत वास नसलेली भुरभुरीत काळी माती निघते. फावड्यानें काढावी, फळझाडांस घालावी. अप्पासाहेब पटवर्धन यांनीं कणकवलीस १९४८ मध्यें गोपुरी आश्रम काढून संडास आणि खत यांचा जो संसार जुळविला, त्यामागें हाच विचार होता. आणि देहू येथें डॉ. मापुसकर यांनीं पुढें संडासास गॅसचें यंत्र जोडण्याच्या कामीं आपलें आयुष्य घातलें. टांकी बांधण्यापूर्वीं हे मार्ग एकदां अवश्य पाहावे. दोन खड्ड्यांच्या बाबतींत मात्र दोन्ही नळ एकदम मोकळे ठेवण्याची चूक सर्रास होते. मग दोन्ही एकाच वेळीं भरतात आणि मालक पद्धतीस नांवें ठेवतो.

आमच्या वस्तीवरचा जुना खड्डा आम्हीं २०१२ मध्यें उपसून चुना टाकून मुरमानें बुजविला आणि विहिरीच्या खालच्या अंगास, एकशें तीस फुटांवर, साडेसहा फुटी टांकी व पुढें तीन चर घातले. विहिरीचें पाणी लागलीच सुधारलें नाहीं. दोन पावसाळे जावे लागले, आणि तोंवर पिण्याचें पाणी आम्हीं गांवांतून आणलें. आतां दर वर्षीं पाडव्याच्या आधींच्या आठवड्यांत काठी घालून मोजतों आणि आंकडा झांकणाजवळच्या भिंतीवर गेरूनें लिहितों. गाळ काढल्यास दोन वर्षें झालीं. आठ माणसांचें घर. यंदा गाळ चौदा इंच आणि साय तीन इंच भरली. पाण्याची खोली चौपन्न इंच आहे, तेव्हां पुढच्या पाडव्यास गाडी सांगावी लागेल.